हकबीचा कचऱ्याचा डबा

प्रिय लॉरेटाताई,

गुडघा बरा आहे, काळजी करू नकोस. तुझी मांजर जेवायला लागली का?

कचऱ्याचा डबा रस्त्याकडेला राहिला म्हणून सोसायटीने मला पुन्हा नोटीस धाडली. चुगली समोरच्या हकबीचीच! सारखा पडद्याआडून बघत असतो. जाब विचारला, तर म्हणतो, “अहो वर्नाबाई, डब्याला चाकं आहेत, पाय नाहीत. आपण होऊन नाही जायचा तो गॅरेजमागे!”

तेव्हापासून मीही डोळा ठेवून होते. आज सापडला! कचऱ्याचा ट्रक मंगळवारी येऊन गेला, आज शुक्रवार, तरी त्याचा रिकामा डबा रस्त्यावरच. तक्रार करायला मी फोन उचललासुद्धा.

मग खाली ठेवला. हकबी डबा विसरणारा माणूस नाही गं.

पत्र इथेच थांबवते. आधी त्याचं दार वाजवून येते.

तुझीच,
वर्ना