भित्तिचित्राच्या डाव्या डोळ्यातली खिडकी

प्रति,
मा. सुशोभीकरण अधिकारी,
भिंती व चौक विभाग,
नगर कार्यालय, दुसरा मजला.

विषय : भित्तिचित्राच्या डाव्या डोळ्यात आलेली आमची खिडकी दिवसा उघडू देण्याबाबत.

संदर्भ : १) आमच्या खिडकीवर चिकटवलेली आपली सूचना. २) आम्हाला खिडकीच नाही असे कळवणारे आपले पत्र.

महोदय,

मी खाली सही करणारी गृहिणी, तिसऱ्या मजल्यावर पती व सासऱ्यांसह दोन खोल्यांत राहते. आतल्या खोलीला एकच खिडकी आहे. तिची लाकडी दारे बाहेर उघडतात.

१. सासऱ्यांनी बेचाळीस वर्षे दुकानांच्या पाट्या रंगवल्या. गल्ली त्यांना ब्रशकाका म्हणते. समोरच्या अकरा पाट्यांपैकी नऊ त्यांच्या हातच्या. मांडीचे हाड मोडल्यापासून ते खाटेवर आहेत. खाट खिडकीला लागून आहे. रोज सकाळी उशीला टेकून ते सगळ्या पाट्या वाचतात, आणि कुठे रंगाचा पोपडा सुटला असेल तर मला जिना उतरून त्या दुकानात निरोप द्यायला लावतात. घड्याळवाले खालून हात करतात, हे वरून हात करतात. त्यांचा दिवस असा सुरू होतो.

२. सासऱ्यांना तपासणीसाठी नेले तेव्हा आम्ही चार दिवस नणंदेकडे होतो. आपल्या कंत्राटदाराने त्याच चार दिवसांत आमच्या इमारतीच्या भिंतीवर 'कष्टकरी नागरिक' हे भल्यामोठ्या चेहऱ्याचे चित्र काढून घेतले. फोटोवर चौकटी आखून एकेक चौकट भिंतीवर मोठी करत गेले, म्हणे. डाव्या डोळ्याची चौकट आमच्या बंद दारांवर आली. कोणाला तरी विचारावे, निदान दारावर टकटक करावी, एवढे कोणाला सुचले नाही. फटीत रंग वाळून दारे चिकटली होती. पतींनी पत्र्याची पट्टी घालून ती सोडवली. सासरे आतूनच म्हणाले, "अस्तर न देता रंग फासलाय. दोन वर्षं टिकणार नाही." ते खरेच असणार.

३. दारे उघडली की डोळा जातो. खालून बघणाऱ्याला चेहरा डोळा मारतो आहे असे दिसते. चेहरा आमच्या कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यांचा आहे. हा माणूस इतका भिडस्त, की गिऱ्हाइकाकडेसुद्धा वर मान करून बघत नाही. आता ते रोज सकाळी सात वाजता तीन मजली तोंडाने समोरच्या शिवणवाल्या बाईंना डोळा मारतात. बाईंनी त्यांच्याकडे कपडे देणे बंद केले. इस्त्रीवाल्यांची बायको वर येऊन मला म्हणाली, "वहिनी, तुम्ही खिडकी उघडता आणि बोलणी आम्ही खातो."

४. त्यानंतर आपली सूचना आली, की भिंतींची स्पर्धा होईपर्यंत डोळा नऊ ते सहा उघडा ठेवावा. डोळा उघडा म्हणजे खिडकी बंद, हे समजायला आम्हाला एक दिवस लागला. इतर वेळी इस्त्रीवाल्यांसाठी आम्हीच ती बंद ठेवतो.

५. मी कार्यालयात आले. आपल्या लिपिकांनी कागद चाळून सुचवले, की खिडकी झटकन उघडून झटकन मिटल्यास पापणी लवल्यासारखे दिसेल व त्यास हरकत नसावी. पतींनी रविवारी हे तासभर केले. खाली चाळीसेक माणसे जमली व टाळ्या पडल्या. सासऱ्यांना तेवढ्या वेळात अर्धी पाटी वाचता आली.

६. मी लेखी विनंती केली, तर उत्तर आले की नकाशात त्या जागी खिडकी नाही, सबब नसलेली खिडकी उघडण्यास परवानगी देता येत नाही. महोदय, जी नाही ती बंद ठेवा म्हणून सूचना कशी काढली, हे मला कोणीतरी समजावून सांगावे. मी दहावी पास आहे, समजून घेईन.

७. आता खरे लिहिते. खिडकी बंद होऊन एकोणीस दिवस झाले. सासरे भिंतीकडे तोंड करून पडतात. जेवण अर्धे टाकतात. बोटाने चादरीवर अक्षरे गिरवत बसतात. चार दिवसांपासून तेही थांबले आहे. मला भीती वाटते. या घरात मी आले तेव्हा दारावर माझे नाव त्यांनी स्वतःहून रंगवले होते, पतींच्या नावाच्या वर. त्या माणसाला मी अंधारात ठेवणार नाही.

८. परवा मी त्यांना मोबाइलवर चित्राचा फोटो दाखवला. बराच वेळ बघून ते म्हणाले, "बुबुळ चुकलंय. त्यात जीव नाही." मग स्वतःच तोडगा सांगितला, तो आपल्यासमोर ठेवते. दारे उघडी राहतील. डोळ्याच्या जागी खिडकीचा काळोख असेल आणि त्यात बुबुळ म्हणून सासरे स्वतः बसतील. नऊ ते सहा, सुटीच्या दिवशीही, विनामोबदला. मान डावी-उजवीकडे फिरेल, ही सोय मूळ चित्रात नाही. डोळा रिकामा नसल्याने इस्त्रीवाल्यांवरचा आळही जाईल. त्यांच्या बायकोने मान्यता दिली आहे.

९. परवानगी द्यावी ही विनंती. मात्र परीक्षक शनिवारी अकराला येणार असल्याचे कळते, आणि आपल्या उत्तराला बारा दिवस लागतात. म्हणून कळवून ठेवते, की शनिवारी खिडकी उघडी असेल. मी सकाळीच सासऱ्यांची दाढी करून ठेवणार आहे.

आपली नम्र,
(सही)
ब्रशकाकांची सून

दिनांक : ९ मार्च

सोबत : फोटो दोन (डोळा मिटलेला व उघडा), इस्त्रीवाल्यांच्या पत्नीचे संमतिपत्र.