ओसरीत आलेला जावईबापूंचा समुद्र

कळंब, ऐतवार

तीर्थस्वरूप इंदुताईले,

धाकट्या घनश्यामचा पायावर डोकं ठेवून नमस्कार. तुया गुडघ्याचं कसं आहे? भाऊजींची शुगर उतरली का? (उतरली असन तं लय उतरू देऊ नको, ताई. कोणती बी गोष्ट जास्त उतरवली का काय होते, हे मी या महिन्यात डोयानं पाह्यलं.) फोनच केला असता, पण तुया फोन नेहमी स्पीकरवर राह्यते, अन् घरच्या ग्रुपवर जावईबापू आहेत. शेजारचा डोमाजी उद्या तुमच्या उमरखेडले येऊन राह्यला, त्याच्या हाती हे पत्र. वाचून चुलीत टाकजो.

प्रेरणा पहिल्या बाळंतपणाले माहेरी आली, हे तुले ठाऊकच आहे. लेक आली, तिच्या दोन बॅगा आल्या, अन् मागून टेम्पोत समुद्र आला! आपले अमरराव जहाजावर इंजिनिअर. ते खऱ्या समुद्रावर गेले, पुण्याचं भाड्याचं घर सोडलं, अन् त्यांचा काचेच्या पेटीतला समुद्र माह्या ओसरीत येऊन बसला. चार फुटाची काच, मिठाचं पाणी, निळे लाइट, केशरी पट्ट्याचे दोन मासे अन् सात पोवळे. (पोवळं म्हणजे तुया अंगठीतलं नाही बाप्पा. हे जिवंत राह्यते, खाते-पेते, बोटं हलवते. मी पहिल्यांदा पाह्यलं तं चप्पल काढूनच उभा राह्यलो.) पाच वर्षांपासून लेकरावाणी वाढवलेले. प्रेरणाले डॉक्टरनं पलंगावरून उठू नको म्हटलं, म्हणून सगळं माह्या गळ्यात. जाताना जावईबापूंनी दोन्ही हात धरून सांगतलं का, मामाजी, पाण्यातलं नायट्रेट अन् फॉस्फेट वाढू देऊ नका.

आता नायट्रेट-फॉस्फेट मले शिकवाचं? तीस वर्षं युरिया अन् डीएपी टाकून राह्यलो. युरिया जास्त झाला का कापसाची पऱ्हाटी नुसती माजते, बोंडं कमी अन् मावा-तुडतुडे जास्त, हे आपल्याकडं शेंबड्या पोराले ठाऊक. मी म्हटलं, वाढू द्याचं नाही काय, ठेवाचंच नाही! रोज शिशीत पाणी घ्याचं, औषधाचे थेंब टाकाचे, रंग पाहाचा. रंग आला का मले राग याचा. फॉस्फेट ओढणारी विटकरी भुकटी चमचाभर सांगतली होती, मी वाटीभर टाकली. पाण्यातली घाण फेसात काढाची मशीन पूर्ण जोरावर. माशाईले चार दिवसाआड चिमूटभर खाणं. (इकडं तुयी वहिनी प्रेरणाले दर दोन घंट्यानं डिंकाचा लाडू चारून राह्यली, अन् तिकडं मासे काचेले तोंड लावून माह्याकडं पाहेत. मले वाटे, लळा लागला.) नवव्या दिवशी शिशी साफ कोरी. दोन्ही शून्य! मी ग्रुपवर फोटो टाकला. सगळ्यायनं अंगठे दिले, तू बी दिला.

अन् तीन दिवसांनी जांभळ्या पोवळ्याचं टोक पांढरं झालं. मंग हिरव्याचं. आता सांग ताई, आपल्या जातीच्या कास्तकाराले पांढरं दिसलं तं तो काय समजन? बोंड फुटलं! पहिल्या वेचणीच्या आधी आपण वावरात सीतादही करतो ना, तसं तुया वहिनीनं पेटीसमोर दही-भाताचा नैवेद्य दाखवला, काचेले हळद-कुंकू लावलं, मी नारळ फोडला. पण पुढच्या आठ दिवसांत तळाले तपकिरी, शेंबडावाणी थर चढला, त्यात बुडबुडे. सांजच्याले काढला का दुसऱ्या दिवशी दुप्पट. माही मतीच गुंग! ज्या वावरात खताचा कण नाही, तिथं हे तण वाढून राह्यलं कशावर?

शेवटी यवतमाळचा मासेवाला उत्तमसिंग बोलावला. त्यानं पेटी पाह्यली, शिशी पाह्यली, नैवेद्याची वाटी पाह्यली, अन् म्हणे, "काका, हे फुटलं नाही. उपाशी मरून राह्यलं." ज्याले मी नारळ फोडला, ते मरून राह्यलं होतं वो! त्यानं समजावलं का पोवळ्याच्या अंगात डोयाले न दिसणारं शेवाळ राह्यते, तेच उजेडावर त्याचा सैपाक करते. त्या शेवाळाले नायट्रेट-फॉस्फेट घासभर तरी लागतेच. मी घास काढून घेतला अन् लाइट मात्र भरपूर ठेवले. मंग रंग उतरला, कातडं सुटलं. अन् चांगले जीव हटले का त्या रिकाम्या जागेवर तो तपकिरी चिकटा बसते, त्याले शून्यातच फावते. मी धावत कोठ्यातून १९:१९:१९ खताची बॅग आणली, तं उत्तमसिंगनं माहे हातच धरले. भुकटी काढा, लाइट कमी करा, माशाईले दोन टाइम चारा, अन् सगळं हळूहळू, म्हणे. सातातले दोन गेले, तिघाईचा भरवसा नाही. ताई, पांढरं पाहून रडू याची ही माही पहिलीच वेळ.

बाकी सगळं ठीक. भाऊजींले नमस्कार.

तुया भाऊ,
घनश्याम

ता. क. खरं काम राह्यलंच. जावईबापू बाळंतपणासाठी सुट्टी घेऊन येत्या शुक्रवारी येऊन राह्यले. ते तुया शब्द मानतात. तू त्यांले फोन करून सांग का कळंबले तीन दिवस विजेची लाइन नव्हती, त्यानं पोवळे गेले. (मंगळवारी घंटाभर गेलती, म्हणजे अगदीच खोटं नाही.)

ता. क. दुसरा. फोन करू नको! पाकीट चिकटवाच्या आतच त्यांचा व्हिडिओ कॉल आला, अन् प्रेरणानं उठून फोन सरळ पेटीसमोरच धरला. मी लाइनीचं सांगाले तोंड उघडलं, पण निघालं खरंच. ते ओरडले नाहीत. म्हणाले, "मामाजी, याच्या आधीची अख्खी पेटी मी पण अशीच शून्यावर आणून मारली होती. मित्र सांभाळायला तयार होते, पण सगळे माझ्यासारखेच स्वच्छतेचे वेडे. म्हणून तुमच्याकडे पाठवली. म्हटलं, शेतकऱ्याच्या घरी कोणी उपाशी राहणार नाही."

ताई, त्याहून थापड मारली असती तं बरं झालं असतं.