काचा उघड्या ठेवा

४ नोव्हेंबर, सोमवार
पोचलो एकदाचे! सामानाचा ट्रक पहाटेच आला आणि दुपारी विद्यानगरच्या या दुसऱ्या मजल्यावर आमचा पहिला चहा उकळला. बाल्कनीतून फाटक, कडुलिंब आणि समोरच्या इडलीवाल्याच्या भांड्यातली वाफ दिसते. सारंगचं ऑफिस शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, तो मेट्रोने जाणार. त्यामुळे गाडी माझी! जुनीच आहे, पांढरी, घर बघायला आलो होतो तेव्हा इथल्याच रिकाम्या होणाऱ्या एका बंगल्यातून घेतलेली. किल्ली देताना तिथल्या मुलीने गाडीकडे पाहिलंही नाही. वडिलांची होती, एवढंच म्हणाली. उद्यापासून माझी नवी शाळा. नववी-दहावीला भौतिकशास्त्र. पुण्याची आठवण अजून आलेली नाही, हे आईला सांगायचं नाही.

६ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी गाडी सुरू केली की टिक-टिक-टिक, शिलाई मशीन चालल्यासारखं. दहा मिनिटांनी इंजिन तापलं की थांबतं. मला हे कोडं आवडलं. धातू तापला की फुगतो आणि फट बुजते. म्हणजे धुराच्या नळीचा जोड कुठेतरी सुटलेला असणार. संध्याकाळी पडद्याचं कापड आणायला सुलतान बाजारला गेले. तिथल्या गर्दीत क्लच दाबत-सोडत चालले होते, तर मागून निराळाच आवाज. घरघर. म्हाताऱ्या माणसाची झोपेत होते तशी.

९ नोव्हेंबर, शनिवार
सकाळी गारठा असतो, काचा बंदच ठेवते. शाळेत पोचेपर्यंत डोकं ठणकायला लागतं. काल फळ्यावर वेगाचं सूत्र लिहिताना मध्येच अडले, मुलं हसली. घरघर चढावर वाढते. आज बरकतपुऱ्याच्या सिग्नलला आरशात मागच्या सीटवर कुणी बसलेलं दिसलं. राखी स्वेटर, खाली घातलेली मान. वळून पाहिलं तर तिथे वह्यांचा गठ्ठा. सारंगला सांगितलं. हसेल असं वाटलं होतं, हसला नाही. सोमवारी गाडी दाखवून घे म्हणाला.

११ नोव्हेंबर, सोमवार
नल्लकुंट्यात उमाजींचं गॅरेज सापडलं. साठीचा माणूस, आजोबा उदगीरहून इथे आले. मराठीत इथल्या दखनीतलं ‘हल्लू’ आणि ‘नक्को’ येतं, ऐकायला गोड. त्यांनी ओलं फडकं मागच्या नळीच्या तोंडावर क्षणभर दाबून धरलं आणि मला ऐका म्हणाले. दोन ठिकाणी फुस्स झालं: एक इंजिनाजवळ, एक मागच्या सीटखाली. साबणाचं पाणी टाकल्यावर तिथेच बुडबुडे. सायलेन्सर गंजलेला, वर गाडीच्या तळालाही भोक. धूर सरळ आत. उमाजी म्हणाले, “बाई, ही गॅस वास देत न्हाई. आधी माणसाला नसलेलं दिसतंय, मग झोप लागतंय. काचा उघड्या ठेवा, थंडी वाजली तरी.” मला सुटकेने रडूच आलं. स्वेटरवाला माणूस म्हणजे धूर!

१३ नोव्हेंबर, बुधवार
जोडाचं गॅस्केट नवं, सायलेन्सर नवा, भोकावर पत्रा. टिक-टिक गेली, घरघर गेली. सारंगने गॅस मोजायचं एक छोटं यंत्र आणून डॅशबोर्डवर चिकटवलं. आकडा शून्य. डोकं हलकं आहे. दोघांनी मिळून पडदे लावले.

१४ नोव्हेंबर, गुरुवार
यंत्रावर शून्य. चारही काचा उघड्या. आणि घरघर.
शाळेच्या आवारात गाडी लावली, किल्ली काढून हातात घेतली. घरघर चालूच होती. हळू, एका लयीत.
आरशात पाहिलं नाही.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार
गाडी उमाजींकडे नेली. मी बाकावर बसून राहिले, ते एकटेच फेरी मारून आले. आले ते पायांकडे बघतच. “आवाज काय न्हाई, बाई,” ते हळूच म्हणाले, “पण मागं बसलेले तुमचे बाबा उतरंनात. पाणी दिलो, घेतलं न्हाई.”
माझ्याबरोबर कुणी आलं नव्हतं. तसं सांगितलं. उमाजींनी माझ्याकडे पाहिलं आणि शटर ओढून घेतलं — गाडी आत, आम्ही दोघं बाहेर. रिक्षाने घरी आले. सारंगला म्हटलं, ती गाडी परत आणायची नाही. तो हो म्हणाला नाही.

१६ नोव्हेंबर, शनिवार
उठले तर सारंग नाही. फ्रिजवर चिठ्ठी — एकदा मी स्वतः चालवून बघतो, तू काळजी करू नकोस.
उमाजींना फोन केला. अडवलं म्हणाले, ऐकलं नाही. आठलाच निघाले दोघं.
दोघं कोण, विचारलं. फोन ठेवला त्यांनी.

सव्वानऊ. सारंगने फोन उचलला. बोलत नाही. सारंग, काचा उघड, काचा — किती वेळा ओरडले. पलीकडे घरघर. शेजारच्या वैशालीताईंना उठवलं, त्या पोलिसांना फोन करताहेत.

नऊ-चाळीस. बाल्कनीत उभी आहे. हाताला काहीतरी हवं म्हणून लिहितेय, नाहीतर —
गाडी आली. फाटकातून आत वळतेय. हळू, अगदी व्यवस्थित. काचा वर आहेत. सारंग दिसला! मागे बसलाय. मागच्या सीटवर — मान खाली —
मग पुढे गाडी कोण चालव