हळदूची चाकं

सौंदड,
ता. १२ सप्टेंबर १९३७

चि. सौ. यशोदेस आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिरोड्याला तुम्हीही सुखात असाल असं धरून चालतो. सहा वर्षं विचारलं नाही, तेव्हा आता विचारायचाही संकोच वाटतो. धानाची रोवणी आटोपली. तलाव सांडव्यापर्यंत भरला आहे. तुझी वहिनी कुंदा कंबरेने हैराण आहे, पण तोंड शाबूत आहे. बाबांना आता दोन्ही डोळ्यांनी दिसत नाही. तरी सकाळी उठले की लाकूड कातायच्या खरादीपाशी येऊन बसतात.

पोळा होऊन आठ दिवस झाले. तान्ह्या पोळ्याला यंदा आपल्या गल्लीतल्या पोरांनी चाकांवरचे बावीस लाकडी बैल ओढत नेले. आपल्या लहानपणी महिनाभर आधीपासून अंगणात हळदूच्या लाकडाच्या पिवळ्या सालपटांचा ढीग पडायचा. तू पाय रोवून दोरी ओढायचीस, एकदा डाव्या हाताने, एकदा उजव्या, आणि खरादीवरचं लाकूड गरगर फिरायचं. समोर बाबा पटाशी धरून. फिरत्या चाकाला लाल लाख लावली की ती तापून जो वास सुटायचा, तो अजून कुठे आला तर मी चालता चालता थांबतो. आई म्हणायची, "पोरीच्या केसातली सालपटं काढता काढता माही दुपार जाते."

हे तुला कशाला सांगतो आहे? मूळ गोष्ट लिहायची टाळतो आहे, दुसरं काय.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शेजारच्या सुशीलाबाई त्यांचा जुना बैल घेऊन आल्या, शिंग मोडलेला. बाबांनी तो हातात घेतला आणि शिंग सोडून चाकंच चाचपत बसले. मग जमिनीवर ठेवून ढकलला, कान देऊन ऐकला.

"केवल्या, हे चाक तुह्या हातचं नोहोय."

"तुमचंच असंल, बाबा."

"माहं बी नोहोय. मले माहा हात समजत नाही का? कोणाचं होय?"

यशोदे, बाबा तापाने पडले होते त्या वर्षीचा तो बैल. चाळीस चाकं द्यायची होती. माझी पटाशी लाकडात अडकायची, चार चाकं फुटली. तू दोरी टाकलीस. "पटाशी मले दे. तू ओढ." तीन दिवसांत चाळीसही चाकं तू काढलीस, मी नुसता ओढत होतो. बाबा बरे होऊन उठले, त्यांनी एक चाक ओसरीवर सोडलं. ते जरासुद्धा न डुलता सरळ भिंतीपर्यंत गेलं. "केवल्या, आता माही चिंता मिटली," म्हणून त्यांनी आपली पटाशी माझ्या हातात दिली. तू माझ्याकडे पाहिलंस. मी खाली पाहिलं.

पुढच्या उन्हाळ्यात तुझं लग्न झालं. माझी चाकं कधी तशी झाली नाहीत. बाबा म्हणायचे, घाई करतो.

सहा वर्षांपूर्वी आईच्या तेराव्याला तू फक्त ती पटाशी मागितलीस. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "बाईमाणसाले कायले पाहिजे पटाशी?" तू न जेवता गेलीस. तेव्हापासून बाबांनी विचारलं की मी सांगतो, तिला सासरी काम फार असतं.

या वेळी मात्र तोंडून निघून गेलं, "यशोदाचं होय, बाबा."

"आन् दोरी?"

"मी ओढत होतो."

मला वाटलं, मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं. चाक पुन्हा एकदा चाचपून म्हणाले, "अशा हाताची पोरगी मी दोरी ओढाले ठेवली. काऊन नाही सांगितलं रे?"

मी मोडकं शिंग बसवायला घेतलं. खरं कारण तुला सांगतो. खराद तुझी झाली तर मी कोण, ही भीती होती.

आता ते रोज म्हणतात, "तिले खरादीवर बसव. मले आवाज आयकू दे."

बुधवारच्या गाडीने मी तिरोड्याला येतो. जावईबापूंसमोर, तुझ्या सासऱ्यांसमोर हे जसंच्या तसं सांगणार आहे. तू माझ्याबरोबर परत यावंस असा आग्रह करणार नाही. फक्त बाबांना काय कळवायचं ते तू सांग. तुझ्या वतीने मी आता काही बोलणार नाही.

'दादा' लिहायला हात धजत नाही,
केवलराम