ज्यूनोला जागा असलेली होडी

प्रिय थेआताई,

मी मजेत आहे, जेवतोही वेळेवर. दाजींचा गुडघा आता कसा आहे?

शेवटी बदकांच्या शिकारीसाठी होडी घेतली. चपटी, पाण्याला टेकलेली, आत उताणं पडून राहायचं, तशी. बनवणारा डेल्बर्ट म्हणाला, "एकट्यापुरती घे, हलकी आहे. कुत्री राहील किनाऱ्यावर." तेवढ्यात ज्यूनो उडी मारून माझ्या पायांवर बसली आणि काठावरून पाणी आत आलं.

"घ्या! बाईसाहेबांना रुंद हवीय," डेल्बर्ट हसला.

मग रुंद होडी आजमावायला सरोवरात नेली; दोराचं टोक किनाऱ्यावर डेल्बर्टकडे होतं. धुक्यात पाणी कुठं संपतं आणि आकाश कुठं सुरू होतं, कळेना. गेल्या हिवाळ्यात सरोवरावरचा बर्फ फुटून मी पाण्यात पडलो होतो, तुला कळवलं नाही. तेव्हापासून पाण्यावर असलो की एका हातानं होडीचा काठ घट्ट धरून ठेवतो. ज्यूनोनं कुशीत शिरून त्या हातावर हनुवटी टेकवली. हळूहळू मी काठ सोडला. बदकं अगदी जवळ उतरली. बंदूक नेलीच नव्हती. आम्ही दोघं नुसते बघत राहिलो.

"अरे, झोपलास का? ओढू का किनाऱ्याला?" धुक्यातून डेल्बर्ट ओरडला.

"थांब रे," मी म्हणालो, "अजून थोडं पडू दे."

मुलींना पापा.

तुझा धाकटा,
ऑरिन