मागच्या शिवणीतली माया

तीर्थस्वरूप आत्यास,

ढब्बूचा उभ्याउभ्याच साष्टांग नमस्कार. (साष्टांग उभ्याने कसा घालतात, असं विचारू नकोस. सध्या मला वाकायला आणि बसायला बंदी आहे, कारण पुढे येईलच.) तुझा गुडघा कसा आहे? पाठवलेला चष्मा डोळ्यांना बसला का? सुईत दोरा ओवताना तो नाकाच्या शेंड्यावर ओढू नकोस. त्याच्या काचा मी स्वतः बसवल्यात आणि त्या शेंड्यावरून बघण्यासाठी नाहीत. इथे मी मजेत आहे. चष्म्याच्या दुकानातली नोकरी छान चालली आहे. हे पत्रही काउंटरवर उभं राहून लिहितोय आणि मालकांना वाटतंय, मी गिऱ्हाइकांचे नंबर उतरवून घेतोय. बाबा फोनवर म्हणाले, तू शिलाई मशीन विकायला काढलंस. आता शिवलेलं घालतंय कोण, असं म्हणालीस म्हणे. आणि घेणारा कोण, तर कॉफीचं दुकान काढणारा एक मुलगा. त्याला मशीन नकोच आहे, फक्त खालचा लोखंडी सांगाडा हवाय, त्यावर काच टाकून टेबल करायला. पुढच्या रविवारी न्यायला येतोय. असो. मशीन तुझं, निर्णय तुझा, मी त्यात एक अक्षर बोलणार नाही. हे पत्र अगदी वेगळ्या विषयावर आहे.

विषय असा, की आम्ही पोरापोरींनी इथे ‘पुन्हा घालू मंडळ’ काढलंय. वर्षभर नवा कपडा घ्यायचा नाही. आहे तो घालायचा, फाटला तर सांधायचा, कंटाळा आला तर आपसात बदलायचा. मंडळ सुरू केलं आमच्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मुलीने, तिला आम्ही प्रवक्ती म्हणतो. एका जीन्सला किती पाणी लागतं यावर ती असं बोलते, की ऐकणाऱ्यालाच तहान लागावी. आता तिच्याकडे एक दिवसाआड कुरियरवाला येतो हे खरं, पण ती पाकिटं तिच्या मावसबहिणीची असतात. (मावसबहिणीचं माप आणि हिचं माप एकच, हा योगायोग.) मंडळाच्या पहिल्याच सभेत एकमताने काय ठरलं असेल? सगळ्यांसाठी ‘नवा कपडा नको’ असं छापलेले नवे कोरे टी-शर्ट मागवायचे. ते आलेसुद्धा. पण आत्या, आमच्यात कुणी खोटं नाही गं. सगळ्यांना अगदी मनापासून वाटतं. फक्त फोन हातात आला, की बोट आपलं आपणच ‘मागवा’वर जाऊन पडतं. ही सभा एका कॉफीच्या दुकानात भरते. तिथे आमचं ठरलेलं टेबल म्हणजे काच टाकलेलं एक शिलाई मशीन आहे. मी बसलो आणि माझा पाय सवयीने पायडलवर गेला. ते तारेने आवळून पक्कं केलं होतं, जागचं हललंच नाही. मला कसंसंच झालं. पण त्या विषयावर मी बोलणार नाही, असं म्हटलंय ना.

मग झाला अदलाबदलीचा दिवस. मी उत्साहाच्या भरात दोन चांगल्या पँटी देऊन टाकल्या आणि बदल्यात मला एक रेनकोट आणि बिनबाह्यांचं जाकीट मिळालं. (घाईत मी जाकिटाकडेच बघत राहिलो, कंबरेखाली काय घालायचं हा विचार घरी येईपर्यंत सुचला नाही.) त्यामुळे कपाटात उरली एकच पँट, कॉलेजच्या पहिल्या वर्षी तू शिवलेली तपकिरी. आठवतंय? मी म्हणालो होतो, आता माझी वाढ संपली, आत एवढं कापड कशाला ठेवतेस. तू तोंडातल्या टाचण्या न काढताच म्हणालीस, “उंची थांबते रे, माणूस कुठे थांबतो.”

आणि आता खरी गोष्ट ऐक. गेल्या शनिवारी वाचनालयाच्या सभागृहात मंडळाचा कार्यक्रम होता. आपला सगळ्यात जुना कपडा घालून मंचावर यायचं आणि त्याची गोष्ट सांगायची, चांगल्या गोष्टींना बक्षीस. सभागृह खच्चून भरलेलं, दारातसुद्धा पोरं उभी! कुणी आजोबांचा कोट घालून आलेलं, कुणी शाळेतला स्वेटर ताणून. माझा नंबर आला, मी रुबाबात गेलो, माइक हातात घेतला, तो निसटला, मी उचलायला वाकलो आणि मागून टर्रकन आवाज आला. माइक चालू होता, म्हणजे शेवटच्या रांगेलाही नीट ऐकू गेलं असणार. त्यानंतर टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती अशी शांतता. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी मला टाचणीच हवी होती. मी पाठ भिंतीला लावली, हाताने चाचपून बघितलं. कापड शाबूत होतं, फक्त मधला टाका गेला होता. मला एकदम हायसं वाटलं आणि मी माइकवर बोलून गेलो, “घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. आत आत्याची भरपूर माया आहे.”

अगं, सभागृह विरघळलं! आधी एक लांबलचक ‘ओ’ आला आणि मग टाळ्या थांबेनात. प्रवक्तीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी. ती मंचावर आली, माइक घेतला आणि माणसांच्या प्रेमाने विणलेली वस्त्रं कधी जुनी होत नाहीत, यावर सुरूच झाली. मी मागून सांगतोय, अगं ती माया नव्हे, शिवणीतली माया, आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड! पण हा शब्द कुणी ऐकलाच नव्हता. शेवटी मी भिंत न सोडता पँटचा पाय उलटा करून शिवणीतलं दोन बोटं कापड दाखवलं. हे उसवायचं, नवा टाका घालायचा, की झाली पँट मोठी. मग जे झालं ते बघायला तू हवी होतीस. सगळ्यांनी आपापले शर्ट, झगे, बाह्या उलट्या करून शोधायला सुरुवात केली. माझ्यात नाही, माझ्यातही नाही, असं रांगेरांगेतून ऐकू येत होतं. कापड शिवणीच्या काठावरच कापून संपवलेलं. माझा खोलीतला जोडीदार लांबूशेठ (याच्या सगळ्या पँटी घोट्याच्या वीतभर वर) अगदी बारीक आवाजात म्हणाला, “म्हणजे हे कधी मोठे होणारच नाहीत?” त्यावर कुणाला हसू आलं नाही. मला तर रडूच आलं. तुझ्या मशीनखाली चिंध्या वेचत मी मोठा झालो, तू आमच्या सगळ्यांच्या कपड्यांत आम्ही पुढे कसे होऊ त्याची जागा ठेवत होतीस, आणि मला ते तिथे, पाठ भिंतीला लावून उभं असताना कळलं. मग पहिल्या रांगेतून एका मुलीने विचारलं, ही आत्या असते कुठे?

बाकी विशेष काही नाही. मला दुसरा नंबर मिळाला आणि बक्षीस कापडी पिशवी. (आता इतक्या झाल्यात, की त्यांचीच पँट शिवावी.) सध्या लांबूशेठची पँट अडकवली आहे, लांबीला दोन माणसांची, कंबरेला अर्ध्या. म्हणून हा उभ्याने नमस्कार. गुडघ्याला जप.

तुझाच भाचा,
ढब्बू

ता. क. त्या मुलीला उत्तर द्यायचं राहून कसं चालेल? मी माइकवरच सांगून टाकलं, की पुढच्या महिन्यापासून आत्या इथे येऊन शिकवणार, स्वतःच्या मशीनवर. टाळ्या इतक्या पडल्या, की मागे घेता येईना. फलक लागलाय. त्यावर तुझा फोटोही आहे, तोंडात टाचण्या धरलेला. मालकांनी दुकानामागची खोली कबूल केली आहे (त्यांच्या कोटाचं अस्तर सुटलंय).

ता. क. २. त्या कॉफीवाल्या मुलाला सांग, टेबलाला चार पाय पुरतात, सुताराकडे जा.

ता. क. ३. तपकिरी पँट सोबत पाठवतोय. ती रविवारच्या आत, तुझ्याच मशीनवर ढिली व्हायला हवी. काच टाकल्यावर होणार नाही. मात्र सगळी माया एकदम वापरून टाकू नकोस. थोडी आत राहू दे, मी अजून थांबलेलो नाही.