एडनला दिलेला तिळगूळ

मुक्काम कल्याण, पौष वद्य पंचमी, शके १८०१

तीर्थस्वरूप रघुनाथदादा यांच्या सेवेशी,

धाकटा भाऊ गोपीनाथ याचे साष्टांग नमस्कार पोचावेत. (टपालाने नमस्कार घालण्यात गुडघ्यांना त्रास नाही, तेव्हा हवे तितके समजून घ्यावेत.) येथे सर्व मंडळी खुशाल आहेत. आईचा दमा थंडीबरोबर आला आणि संक्रांतीचा पाक करायची वेळ झाली तसा आपण होऊन गेला. तात्यांची प्रकृती उत्तम, स्वभाव पूर्ववत. आमच्या घरातील मंडळींनी नमस्कार सांगितला आहे आणि हे पत्र आटोपशीर लिहा असेही सांगितले आहे. तुमच्या प्रकृतीचे कळवावे. एडनला म्हणे गवताची काडी उगवत नाही आणि समुद्राचे पाणी उकळून, वाफ धरून पितात. हे ऐकल्यापासून आईने तुमच्यासाठी आमसुले बांधून ठेवली आहेत. वाफेच्या पाण्यावर आमसूल कसे लागू पडते हे मी विचारले नाही. आईच्या वैद्यकात जो शंका काढतो त्यालाच काढा मिळतो.

तुमचे मार्गशीर्षातले पत्र पावले. तुम्ही लिहिलेत की आईचे तोंड अलीकडे नीट आठवत नाही, डोळे मिटले की लुगड्याचा काठ दिसतो आणि तोंड दिसत नाही, तर तिची एक तसबीर काढून पाठव.  आईला पत्र वाचून दाखवताना तेवढ्या ओळी मी गाळल्या आणि त्या जागी हवापाणी बरे आहे असे घातले. तात्या नेहमीप्रमाणे खांबाआड पाठ करून बसले होते. तुम्ही समुद्र ओलांडल्या दिवसापासून तुमचे नाव घ्यायचे नाही असा त्यांचा पण आहे, आणि घरात पाऊल ठेवण्यासाठी प्रायश्चित्ताचे पंचगव्य पिणार नाही असा तुमचा आहे. दोन्ही पण अजून शाबूत आहेत हे कळवण्यास आनंद वाटतो. फक्त तुमचे पत्र वाचताना मी आवाज खाली आणला की तात्या खांबाआडून खाकरतात.

आता तसबीर म्हणजे शास्त्राचा विषय आणि शास्त्र म्हणजे माझा विषय. (आमच्या ठाण्याच्या कचेरीत एक मासिक पुस्तक येते, ते जोडलेली पानेसुद्धा फाडून वाचणारा मी एकटाच.) माझे मत असे आहे की अलीकडे जे जे नवे निघाले त्यातले निम्मे उपयोगाचे आणि निम्मे वासाचे. घासलेटचा दिवा दोन्हींत मोडतो. आगकाडी मला मान्य आहे, पण तिने आळीचे नुकसान केले. पूर्वी सकाळी विस्तव मागायला पलीकडच्या हौसाबाई येत आणि विस्तवाच्या बदल्यात चार घरांच्या बातम्या देऊन जात. आता त्यांची चूल त्यांच्या त्यांच्या घरात पेटते आणि बातम्यांसाठी आम्हाला वर्तमानपत्र घ्यावे लागते, ज्यात काबूलच्या लढाईचे सगळे असते आणि शेजारच्या भांडणाचे अक्षर नसते. नाटकांचेही तेच. मागल्या महिन्यात येथे नाटक मंडळी आली होती. राक्षसाच्या प्रवेशाला हल्ली चंद्रज्योती पेटवतात, त्यात पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थाच्या उपरण्याने पेट घेतला. ते उठून नाचू लागले तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवून पुन्हा एकदा म्हणून ओरडा केला. मला विचाराल तर राक्षस अंधारातच बरा. पण माझे कोण ऐकतो!

मूळ मुद्दा आईचा. तसबीर काढली की आयुष्य कमी होते असे तिला कुणीतरी सांगितले होते, त्यामुळे ती तयार होईना. तेव्हा एक दिवस ती तीळ निवडत असताना मी तिला आधुनिक शास्त्राची ओळख करून द्यायला बसलो. तारेपासून सुरुवात केली. (तार म्हणजे आपल्याकडे मयताची खबर. आळीतल्या साठ्यांकडे तार आली तेव्हा ती फोडण्याआधीच बायकांनी गळा काढला. आत मुलगा झाल्याचे होते. तेवढे रडणे फुकट गेले म्हणून साठ्यांच्या म्हातारीला फार वाईट वाटले.) मी आईला सांगितले की मुंबईपासून एडनपर्यंत समुद्राच्या तळाशी तार घातलेली आहे, इकडे टिकटिक केले की तिकडे त्याच क्षणी टिकटिक होते. ती म्हणाली, मासे कुरतडत नाहीत? मी म्हटले, वरून डिंकासारखे लेपण असते. ती बराच वेळ तीळ निवडत राहिली आणि मग म्हणाली, कधी जायचे तसबिरीला? समजावून सांगण्याची हातोटी असली की अडाणी माणसालाही शास्त्र पटते, असे मी त्या रात्री घरातील मंडळींना सांगितले. मंडळींनी कूस बदलली.

ठाण्याला तळ्याकाठी, ख्रिस्ती लोकांच्या देवळामागे, कॉस्मास नावाचा तसबिरी काढणारा आहे. जातीचा तिथलाच ख्रिस्ती, बाप अजून भातशेती करतो. हा मुंबईस एका साहेबाच्या हाताखाली राहून विद्या शिकून आला. संक्रांतीनंतरच्या रविवारी आम्ही निघालो. आई नवे लुगडे नेसली आणि हातात एक डबा घेतला. तात्यांचेही नेमके त्याच दिवशी ठाण्यास काम निघाले. काय काम ते अखेरपर्यंत कळले नाही, पण ते आमच्याच गाडीने, आमच्याच डब्यात, तोंड दुसरीकडे करून आले.

कॉस्मासच्या दुकानात मागे एक रंगवलेला पडदा आहे. त्यावर तळे, हंस आणि कुण्या साहेबाचा वाडा. आईने तो वाडा न्याहाळून, एवढ्या मोठ्या घराला तुळशीवृंदावन नाही म्हणून हळहळ केली. मग तिला खुर्चीवर बसवले. खुर्चीच्या मागे मान धरायला लोखंडी चिमटा असतो, कारण तसबिरीच्या पेटीच्या नळीवरचे झाकण काढल्यापासून परत लावीपर्यंत माणसाने दगडासारखे बसायचे असते, नाहीतर काचेवर नुसता धूर उमटतो. चिमटा पाहून आई म्हणाली, मी काय चोर आहे? चिमटा बाजूला राहिला. पेटीमागून एक दोरी निघून भिंतीवरून छताकडे जाते. छतातला झरोका उघडझाप करायची ती दोरी. आईने दोरीकडे पाहिले, कुठवर जाते ते पाहिले, आणि मान हलवली. मला वाटले, बाई शास्त्रात रमल्या.

कॉस्मासने काळ्या फडक्यात डोके घातले, बाहेर काढले, आईला न हलण्याविषयी बजावले आणि झाकण काढले. त्याबरोबर आई पुढे वाकली आणि पेटीला म्हणाली,

"रघू, अरे किती वाळलास! जेवतोस ना वेळच्या वेळी?"

कॉस्मासने झाकण आपटले. "आये, हालू नको गो! बोलू पन नको!" आई म्हणाली, बरे, आणि माझ्याकडे वळून हळूच, तोच बोलत नाही मग मी तरी किती बोलू. काच आत नेऊन धुतली तर लुगडे, खुर्ची, हंस सगळे स्वच्छ, आणि मानेवर ढग. मला वाटले, वयोमानाने तिला भास झाला असेल. दुसरी काच लावली. या खेपेस ती झाकण निघेपर्यंत पुतळ्यासारखी बसली आणि निघाल्याबरोबर डबा उघडला. त्यात तिळगूळ. एक लाडू पेटीपुढे धरून तिने जे सुरू केले ते असे, की संक्रांत झाली, आता गोड बोलायचे, मागचे काढायचे नाही. भटजींशी मी बोलले आहे. ते पळीभर पंचगव्य म्हणत होते, मी थेंबावर आणले आहे. थेंब जिभेला लागला न लागला तोच मी तुझ्या तोंडात साखर घालीन, तुला कळणारसुद्धा नाही.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोलणे समुद्राखालून त्याच क्षणी एडनला जाते हे मीच तिला पटवले होते. बोलणे जाते तर तोंड का जाणार नाही? पेटी आहे, भिंग आहे, मागून तार निघाली आहे. झाकण निघाले की पलीकडे तुम्ही बसलेले, असा तिचा हिशेब होता. (दादा, हे अशक्य आहे हे मला ठाऊक आहे. पण का अशक्य आहे ते मासिकाचे सगळे अंक चाळूनही अजून सापडलेले नाही.) मी तिथल्या तिथे तिची समजूत काढायला तोंड उघडले. पण कॉस्मास माझ्या दंडाला धरून म्हणाला, "ऱ्हाऊ दे, शेट. एक काच हाय अजून." भला माणूस. त्याची स्वतःची आई मागल्या पावसाळ्यात गेली, हे मला नंतर कळले.

तिसऱ्या काचेला आईने मान वळवली आणि कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेल्या तात्यांना हाक मारली. म्हणाली, मी दिला, आता तुम्ही द्या, म्हणजे झाले.  एवढ्या वर्षांत तात्यांपुढे तुमचा विषय असा उघड कुणी काढला नव्हता. तात्या म्हणाले, कुणाला द्यायचा, तिथे लाकडाची पेटी आहे. आई म्हणाली, असू दे पेटी. तात्या उठले. आता ते दाराबाहेर जाणार असे मी समजलो. ते आईच्या खुर्चीशी आले, पगडी नीट केली, तिच्या हातून तिळगूळ घेतला, तळहातावर ठेवून हात पुढे केला आणि पेटीच्या नळीकडे डोळे लावून उभे राहिले. कॉस्मासने झाकण काढले. त्यांची पापणी लवली नाही. झाकण लागले तरी हात खाली आला नाही. कॉस्मासलाच जाऊन सांगावे लागले की बाबा, झाले. तेव्हा त्यांनी तो तिळगूळ कॉस्मासच्या हातावर ठेवला आणि उजेड डोळ्यांत जातो म्हणून तक्रार करीत बाहेर गेले.

घरी आल्यावर मी आईला बसवून तसबीर आणि तार यांतला फरक शास्त्राधारे स्पष्ट केला. तिचा गैरसमज पूर्ण दूर झाला आहे, तेव्हा त्याविषयी तुम्ही काळजी करू नये. लोभ आहेच, तो टपालखर्चाकडे न पाहता वाढत ठेवावा ही विनंती.

आपला आज्ञाधारक,
गोपीनाथ

ता. क. तसबीर सोबत फडक्यात गुंडाळून पाठवली आहे. ती तिसऱ्या काचेची. तुम्ही मागितले होते आईचे तोंड. ते यात नाही. झाकण उघडे असेपर्यंत ती सारखी एकदा तात्यांकडे आणि एकदा तुमच्याकडे बघत होती, त्यामुळे तोंडाच्या जागी पांढरे धुके आले आहे. तात्या मात्र असे आले आहेत की मिशीचा केस न् केस मोजावा, आणि तळहातावरच्या लाडूचे तीळसुद्धा दिसतात. कॉस्मास म्हणतो, इतका निश्चल माणूस त्याने पाहिला नाही. आईचे तोंड पेटीत मावत नाही असे त्याचे मत पडले. ते पाहायचे तर समोर येऊनच पाहावे लागेल.

ता. क. दुसरे. वर लिहिले की मी आईचा गैरसमज दूर केला. तो केलेला नाही. परतताना गाडीत तिने मला विचारले, तुला शास्त्र कळते, तो काय म्हणाला रे? मी सांगायला सुरुवात केली होती, देवाशपथ. पण ती माझ्या तोंडाकडे अशी बघत होती की मी बोलून गेलो, पाडव्याला येतो म्हणाला. तेव्हा दादा, काय वाटेल ते करून रजा काढा आणि मला खोटे पाडू नका. तुम्ही येणार म्हणून तिने छपराच्या पन्हळी नीट करायला गवंडी बोलावला आहे.

ता. क. तिसरे. पत्र बंद करीत होतो तो तात्या आले. खांबाला म्हणाले, एडनहून येणारी आगबोट मुंबईला कुठल्या बंदरात लागते, ते कचेरीत कुणाला विचारून ठेव. मी म्हटले, कशासाठी? म्हणाले, आळीतल्या नाथा म्हाताऱ्याला हवे आहे. नाथा म्हाताऱ्याचे एडनला कोणी नाही, दादा. ते तुम्हाला घ्यायला येणार आहेत.